कामाच्या वेळा आणि सावली : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड,
अलिबाग.



उन्हाळा लागला की प्रशासनाकडून उष्णतेच्या लाटेच्या सूचना येतात. दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलांना जपा. या सूचनांनी जीव वाचतात, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मला त्यांच्या पुढचे सांगायचे आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत दुपारी घरात बसणे ज्यांना परवडते अशी माणसे थोडी. आणि ज्या उन्हाविषयी मी लिहिते आहे ते एप्रिल-मेपुरते नाही, बारमाही आहे. उष्माघात माणसाला एका दुपारी आडवा करतो, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. कातडीवर, ओठांवर, डोळ्यांवर वर्षानुवर्षे जे साचत जाते ते कुठल्याच सूचनेत येत नाही आणि घरी तर ते कामाचाच भाग समजून सोडून देतात.

उन्हाची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर रेवदंड्याच्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला गेला. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, उघड्या मैदानात तासन् तास बसून होते. 14 जण उष्माघाताने गेले. त्यानंतर उन्हाळा ओसरेपर्यंत दुपारी 12 ते 5 या वेळात उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असे सरकारने जाहीर केले. योग्यच झाले. पण तो नियम समारंभांसाठी झाला. ज्यांची रोजची हजेरीच उघड्या मैदानात लागते त्यांच्यासाठी दुपारचे 12 ते 5 अजून तसेच आहेत.

पेणच्या कितीतरी धंद्यांचे भांडवलच ऊन आहे. खाडीकाठी जी मिठागरे अजून पिकतात तिथला हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. ऊन जितके कडक तितके मीठ लवकर धरते, म्हणजे कामही नेमके त्याच उन्हात. पापडाच्या घरांत बायका सकाळी लाटायला बसतात आणि दुपारी वाळत घातलेले पापड उलटायला गच्चीवर जातात. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत पाऊस पडायच्या आत जितक्या मूर्ती वाळतील तितक्या वाळवून घ्यायची धांदल असते. ऊन पडले की मूर्ती बाहेर, ढग आला की आत, आणि ही ने-आण करणारी पोरे दिवसभर बोडक्या डोक्याने. कोळीवाड्यांत सुकट आणि बोंबील. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि तेवढे महिने त्यांची मुले भट्टीच्या आवारातच, उन्हात वाढतात. रोह्याकडे वळले तर कुंडलिका नदीच्या कालव्यांवरचे उन्हाळी भात आणि कलिंगडांचे मळे, कोलाडला राफ्टिंगच्या पाहुण्यांना घेऊन नदीत उतरणारे तरुण, धाटाव औद्योगिक वसाहतीत माल चढवणारे-उतरवणारे कंत्राटी कामगार, आणि महामार्गावर खडी पसरणारी माणसे.

यातल्या बऱ्याच ठिकाणी ऊन वरून येते तसे खालूनही येते. पाणी, पांढरे मीठ, सिमेंटची गच्ची, वाळू यांच्यावरून ते परत उसळते. त्यामुळे डोक्यावर टोपी असली तरी हनुवटी, ओठ, मान आणि डोळे उघडेच राहतात. उन्हात आयुष्य काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ दिसते, ती अशाच उन्हाशी जोडलेली आहे. मोतीबिंदूलाही हातभार लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे तिच्याकडे येते. आपल्या सूचना थर्मामीटर पाहून निघतात. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिऱ्यात 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंशांची नोंद झाली, तेव्हा ती देशभरची बातमी झाली. पण कातडीला इजा करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही लागत नाही. सूर्य आकाशात किती वर आहे आणि मध्ये ढग किती दाट आहेत, यावर ते किती येणार हे मुख्यतः ठरते. हवा 28 अंश आहे की 40, याने फरक पडत नाही. पेण आणि रोहा साधारण साडेअठरा अक्षांशावर येतात. इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलै संपता संपता. मुलांना शाळेत शून्य सावलीचा दिवस म्हणून दाखवतात तो हाच. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान असतो तेव्हासुद्धा भर दुपारी रोह्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूडच पडते. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कातडीला लागण्याइतके तिखट आहे, ही जगभर वापरली जाणारी साधी खूण आहे. तिला यंत्र लागत नाही, मोबाइल लागत नाही, वाडीवरच्या पाच वर्षांच्या मुलालाही ती शिकवता येते. या खुणेने पाहिले तर आपल्याकडे वर्षाचा एकही महिना सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अतिनील निर्देशांक 3 झाला की अंग झाकून घ्यावे असे सांगतात. 8 ते 10 म्हणजे अति जास्त आणि 11 पासून पुढे तीव्र. कोकणात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो 11 ओलांडतो. पातळ ढगांतून बहुतेक किरण खाली उतरतात, म्हणून श्रावणातले गार ऊनसुद्धा निरुपद्रवी नाही. उष्णतेच्या सूचनेत तापमानाशेजारी हा एक आकडा छापायला किती जागा लागते?

घड्याळाचीही एक गोम आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि आपण त्र्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे पेण-रोह्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साधारण साडेबाराला, आणि फेब्रुवारीत तर पाऊण वाजून गेल्यावर. दिवसभराच्या अतिनील किरणांतला मोठा वाटा या क्षणाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन तासांत येतो. म्हणजे आपल्याकडे जपायची वेळ साडेदहा ते अडीच-पावणेतीन. एक ते दोन जेवणाची सुट्टी देऊन दोनला पुन्हा कामावर उभे केले की माणूस सुट्टीआधीचे अडीच तास आणि नंतरचा पाऊण तास ऐन उन्हात काढतो. सुट्टी दिल्याचे कागदावर दिसते, कातडीला त्यातले फारसे मिळत नाही.

'आपण सावळी माणसे, आपल्याला उन्हाने काय होतेय', असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कातडीतले मेलॅनिन पुष्कळ संरक्षण देते. गोऱ्या लोकांत उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग जितका दिसतो त्याच्या मानाने आपल्याकडे तो फारच कमी आहे. त्याचा बागुलबुवा करून लोकांना घाबरवू नये. पण मेलॅनिन म्हणजे चिलखत नव्हे. कातडी जाड आणि कोरडी होणे, वेळेआधी सुरकुत्या, उघड्या भागावर खाजरे पुरळ, आणि सर्वांत जास्त म्हणजे वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी-करडे डाग. गरोदरपणात बायकांना ते अधिक येतात, आणि उन्हात काम असेल तर जाता जात नाहीत. सावळ्या कातडीत वांग वाढवायला अतिनील किरणच काय, डोळ्यांना दिसणारा सूर्यप्रकाशही पुरतो. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नसतो त्यांची गोष्ट वेगळीच. त्यांना मेलॅनिनचा काहीच आधार नाही, त्यांच्यात कर्करोगाचा धोका खरोखर मोठा असतो आणि नजरही अधू असते. अशी मुले एखाद्या वाडीत किंवा वस्तीत जन्मली तर त्यांना पहिल्या वर्षापासून झाकून ठेवायला सांगणारे कोणी तरी हवे, आणि ते काम अंगणवाडीताई आणि आशाताईच करू शकतात.

वांगाचे दुसरे दुखणे औषधाच्या दुकानात सुरू होते. मुलगी किंवा आई दुकानात जाऊन 'डागांची क्रीम' मागते आणि तिला स्टेरॉइड असलेली ट्यूब मिळते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येते, केस उगवतात, आणि तीच कातडी उन्हाला आणखी नाजूक होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. त्यापलीकडे बिननावाच्या डब्यांतल्या उजळवण्याच्या क्रीम आहेत. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे समोर आले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत तिच्यात पारा सापडला. चेहऱ्याचा काळेपणा घालवण्यासाठी मूत्रपिंड गमवावे इतका हा काळेपणा वाईट आहे, असे पोरींच्या मनात भरवणाऱ्या सगळ्यांचा मला संताप येतो. ऊन अडवायचे ते कातडी निरोगी राहावी म्हणून. तिचा रंग बदलण्याशी त्याचा संबंध नाही, हे आपल्या आरोग्य खात्याने मोठ्या अक्षरांत सांगायला हवे. आणि दुकानांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडून करून घेणे आपल्या हातात आहे.

मग अडवायचे कशाने? याचे उत्तर या मातीतल्या माणसांना फार आधीपासून माहीत आहे. शेतात बायका टापशी बांधतात, म्हातारे मुंडासे बांधतात, खांद्यावर पंचा असतोच. कॉलेजच्या मुली स्कूटीवर स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे चढवतात, आणि त्यांची चेष्टा होते ती बंद व्हायला हवी, कारण आख्ख्या गावात शहाणपणाने वागणाऱ्या त्याच आहेत. घट्ट विणीचे, पुऱ्या बाह्यांचे कापड हे सर्वांत खात्रीचे आणि सर्वांत स्वस्त साधन. ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही आणि त्यातून दिसणारा प्रकाशही अडतो. फक्त विरविरीत पांढरे सुती कापड घामाने भिजले की त्यातून किरण जास्त आत येतात, म्हणून जरा जाड, जरा गडद बरे. पुढे छोटा छज्जा असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते. सगळीकडून चार बोटे काठ असलेली टोपी, किंवा टोपीखाली मागे सोडलेला पंचा, हे जास्त उपयोगी. आणि छत्री. पावसाळ्यात जी दारामागून निघते ती मार्चमध्येही निघावी. पुरुषांनी उन्हात छत्री धरली तर त्यात कमीपणा कसला?

सनस्क्रीनबद्दल दोन्ही टोकांचे बोलले जाते. ते ढोंग नाही. एसपीएफ 30 चे क्रीम नीट लावले तर सनबर्न करणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते, 50 चे सुमारे 98, म्हणजे 30 च्या पुढे जास्त पैसे मोजून फार काही मिळत नाही. पण 'नीट लावले तर' यातच सगळे आले. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीभर लागते, दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधी. मिठागरावरच्या बाईने हे दिवसातून चार वेळा करावे अशी अपेक्षा करणे म्हणजे तिच्या रोजंदारीचा हिशेब न मांडणे. म्हणून माझा आग्रह कापडाचा आणि सावलीचा आहे. ज्यांना वांग आहे, ज्यांच्या कातडीत रंग नाही, किंवा डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांना क्रीम सरकारी दवाखान्यातून मिळावे.

डी जीवनसत्त्वाचे काय, असे कोणी विचारेल. कार्यालयात आणि फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्यांना तो प्रश्न आहे आणि त्यांनी रोज थोडा वेळ उघड्या हातांवर ऊन घ्यावे. सहा-सात तास उन्हात राबणाऱ्याला हा सल्ला देऊ नये.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. लावणीच्या दिवसांत चिखलपाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, आणि साथीत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या जीव वाचवतात, त्या घ्यायच्याच. पण या गोळ्या घेणाऱ्या काहींची कातडी नेहमीपेक्षा खूप लवकर भाजते, आणि पावसाने उघडीप दिली की जुलैचे ऊन बरोबर माथ्यावर असते. गोळी हातात देताना 'पुरे हात झाका' एवढे तीन शब्द आरोग्य सेवकाने बोलावेत. लोक भाजल्यामुळे गोळी सोडतात, असे व्हायला नको.

सावलीविषयी लिहायचे तर महामार्गापासून सुरुवात करावी लागेल. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि किती रखडले हे आपल्याला सांगायला नको. या कामात पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या रस्त्यावरचे जुने वड आणि चिंचा गेल्या. एसटीची वाट पाहणारी माणसे ज्या सावलीत उभी राहत ती गेली. नंतर 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि रोहा, मुरुड, श्रीवर्धन, अलिबाग या भागांत उरलीसुरली झाडे आणि बागा झोपवून गेले. लोखंडी पत्र्याचा थांबा ही सावली खरी, पण दुपारी त्याखाली उभे राहवत नाही. बाहेरून येणारे ऊनही तो पुरते अडवत नाही, कारण किरण आकाशातून चहूबाजूंनी विखरून येतात. सावली दाट आणि रुंद लागते. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जी लावायची ती कुठे लावली आणि त्यांतली किती जगली, हे तालुकावार जाहीर व्हावे. वड, पिंपळ, चिंच, करंज, भेंडी ही इथल्या मातीत आणि खाऱ्या वाऱ्यात टिकणारी झाडे थांब्यांजवळ, बाजाराजवळ, शाळांच्या पश्चिमेला लावावीत. दुभाजकातली शोभेची झुडपे कोणाला सावली देत नाहीत.

शाळांचा विषय सोपा आहे, म्हणून तो आधी सुटू शकेल. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते हे चांगले. पण कवायत, कबड्डीचे सामने, तालुका क्रीडा स्पर्धा थंडीत ऐन दुपारी चालतात, 'थंडी आहे' म्हणून. गणवेशात अर्ध्या बाह्या आणि टोपी नाही. ऑस्ट्रेलियात 1981 मध्ये सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला अशी एक मोहीम सुरू झाली आणि पुढे तिथल्या कित्येक शाळांत टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही असा नियम झाला. तिथली गोरी कातडी आणि तिथला कर्करोग वेगळा, हे खरे. पण मुलांना शाळेतून लागलेली सवय घरात जाते हे तिथे दिसले आहे आणि इथेही होईल. गणवेशात पुऱ्या बाह्या आणि काठाची टोपी घालायला शिक्षण खात्याला फार विचार करावा लागू नये.

आता कामाच्या जागा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2023 मध्ये सांगितले की 2019 या एका वर्षात सुमारे 160 कोटी माणसे उघड्यावर काम करताना सूर्याच्या अतिनील किरणांना सामोरी गेली, आणि अशा कामातून झालेल्या त्वचेच्या कर्करोगाने जगभर जवळपास 19,000 मृत्यू झाले. म्हणजे ऊन हा कामातला धोका आहे हे आता मान्य झाले आहे. गवंड्याला हेल्मेट आणि बूट देणे ठेकेदारावर बंधनकारक असेल, तर पुऱ्या बाह्यांचा सदरा आणि मानेला पडदा असलेली टोपीही त्याच यादीत बसते. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांतीची वेळ आणि प्रथमोपचाराची पेटी लिहून ठेवली होती. हे तत्त्व सरकारला वीस वर्षांपूर्वी पटलेले आहे. ते रस्त्यांची कामे, वीटभट्ट्या, धाटावचे कंत्राटदार आणि मिठागरे यांना लावायला नवे तत्त्वज्ञान शोधायचे नाही.

पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांतली त्वचारोग आणि डोळ्यांची तपासणी वीटभट्ट्या आणि मिठागरांच्या हंगामात थेट जागेवर नेता येईल. झाडे वाढायला वेळ लागेल, गणवेश पुढच्या वर्षी बदलेल, टोप्या आणि सदऱ्यांना निधी शोधावा लागेल. हे सगळे मला कळते. पण सरकारी कामांवर आणि सरकारच्या ठेक्यांवर सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी तीन ते सहा अशा वेळा ठरवून देणाऱ्या आदेशाला एक पैसाही लागत नाही. तो आदेश येत्या फेब्रुवारीच्या आत निघावा, आणि पहिल्या पावसाबरोबर रद्द न होता वर्षभर लागू राहावा, ही आपल्याला कळकळीची विनंती.

कळावे.

आपली,
पेणची एक रहिवासी